लाल माद्या, रानातला नर आणि इनक्युबेटरमधली चौदा अंडी

पत्र: पेन्सिल्व्हेनियात यॉर्क काउंटीत आमची साडेतीन एकर जागा आहे, मागची हद्द जंगलाला लागून. दोन वर्षांपासून बोर्बन रेड जातीच्या टर्की पाळते: पाच माद्या, एक नर. शिवाय आठ कोंबड्या. मार्चअखेरीपासून रानातला एक टर्की नर रोज सकाळी येतो, कुंपणावरून उडून आत उतरतो, आमच्या नराशी भांडतो. दोन माद्यांवर चढताना मी त्याला डोळ्यांनी पाहिलंय. 20 एप्रिलला इनक्युबेटरमध्ये चौदा अंडी लावली. 28 एप्रिलपासून एक मादी कुंपणाबाहेर झुडपात अकरा अंड्यांवर बसली आहे. यातून पिल्लं निघतील का? जातिवंत म्हणून विकता येतील का? शेजारी म्हणतो, रानटी रक्त आलं की पिल्लं काटक होतात, आणि नको असतील तर जंगलात सोड, तेवढीच तिथली संख्या वाढेल. नवरा म्हणतो, शिकारीचा हंगाम उघडलाय, त्या नरालाच टिपतो. आई सध्या इथे आलीय. ती म्हणते, 'आमच्या संगमेश्वरला रानकोंबडा गावठी कोंबड्यांत यायचा, त्यात काय एवढं!' तर त्यात नक्की किती एवढं आहे, ते सांगा.

उत्तर: इनक्युबेटरमधली अंडी 18 मेच्या आसपास फुटतील. टर्कीचे दिवस अठ्ठावीस, कोंबडीसारखे एकवीस नाहीत. तेव्हा आधी त्यांचं बघू.

पिल्लं निघतील. बाप कोणताही असो, निघतील आणि पुढे त्यांनाही पिल्लं होतील. घरातली आणि रानातली टर्की ही एकच प्रजाती आहे. संगमेश्वरची गोष्ट थोडी वेगळी. सह्याद्रीतला रानकोंबडा करड्या जातीचा, आणि आपली गावठी कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याच्या वंशातली. म्हणजे तिथे दोन प्रजातींची सरमिसळ होते, आणि अशा संकराची पुढची पैदास बेभरवशाची असते. तरीही ती पूर्वी कधीतरी झालेली आहे: आपल्या कोंबड्यांचे पिवळे पाय ही करड्या रानकोंबड्याची देणगी असल्याचं 2008 मध्ये जनुकांवरून सिद्ध झालं. आईंचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. पण टर्कीत ही अडचणसुद्धा नाही, आणि म्हणूनच तुमचं प्रकरण जास्त नाजूक आहे.

आता तुमच्या नशिबाची बाजू. तुमच्याकडे बोर्बन रेड आहेत. यांचा लाल रंग दबून राहणाऱ्या जनुकाचा आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो अंगावर दिसतो. रानातल्या नराकडे त्याची जोडी नसते, त्याच्याकडे कांस्य रंगाचा मूळ जनुक असतो आणि तो लालवर मात करतो. त्यामुळे 18 मेला ब्रूडरपाशी, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या खोक्यापाशी, उभ्या राहाल तेव्हा बाप कोण, हे पिल्लाच्या लवीवरच लिहिलेलं असेल. फिकट तांबूस-पिवळट, पाठीवर काळपट पट्टे नसलेलं पिल्लू तुमच्या नराचं. तपकिरी, डोक्यावर आणि पाठीवर गडद पट्टे असलेलं पिल्लू रानातल्या नराचं. मोठं झाल्यावर ते लालसर झाक मारणारं कांस्य दिसेल, पण तुमच्या माद्यांसारखं तांबडं-पांढरं कधीच नाही. ओल्या पिल्लावरून निर्णय घेऊ नका, सगळीच काळी दिसतात. पूर्ण वाळू द्या, दिवसाच्या उजेडात बघा, आणि त्याच क्षणी पायात रंगीत प्लास्टिकची कडी घाला. कडी दर दहा दिवसांनी बदलावी लागते, पाय भराभर जाड होतात. विसरलात तर कडी मांसात रुतते.

पांढऱ्या जातीच्या किंवा नॅरागॅन्सेट टर्की असत्या तरी ही युक्ती चालली असती. स्टँडर्ड ब्राँझ असत्या तर नसती. ब्राँझचा रंग आणि रानाचा रंग मुळात एकच, आणि तिथे एकच उपाय उरतो: थांबणे. टर्कीच्या मादीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात आणि नराचं बीज तिथे साठून राहतं. एका भेटीवर ती कित्येक आठवडे, कधी दहा आठवड्यांपर्यंत, फलित अंडी देऊ शकते. नर बदलला की नव्याचं बीज लवकरच वरचढ होतं, पण जुनं पूर्ण संपलं याची खात्री अंड्याकडे बघून होत नाही. म्हणून ब्राँझवाल्यांनी शेवटच्या भेटीपासून दहा आठवडे अंडी खावीत, उबवू नयेत. मेच्या मध्यापासून दहा आठवडे म्हणजे जुलैची अखेर, तोवर अंड्यांचा हंगामच सरतो. थोडक्यात त्यांचं वर्ष गेलं. तुमचं गेलेलं नाही.

एक पुरवणी मात्र आहे. हा सगळा हिशेब तो नर अस्सल रानातला आहे असं धरून केलाय. त्याच्या अंगात आधीच कुणाच्या तरी परसातलं लाल रक्त असेल, तर त्याचीही काही पिल्लं तांबडी निघतील आणि तुमची फसगत होईल. त्याला नाचताना नीट बघा. पूर्वेकडच्या रानटी टर्कीच्या शेपटीच्या पिसांची टोकं गडद बदामी-तपकिरी असतात. पंखा उघडल्यावर कडेची पट्टी पांढरी किंवा मलईसारखी दिसली, तर तुमच्या भागात तो पाळीव रक्ताचा पुरावा समजा. ही खूण पश्चिमेकडे चालत नाही, तिथल्या मेरियम उपजातीची टोकं मुळातच पांढरट असतात. शिवाय अस्सल रानटी नर उंच, सडपातळ, लांब पायांचा असतो. वजन साधारण 16 ते 24 पाउंड, म्हणजे सात ते अकरा किलो. पूर्ण वाढलेला बोर्बन रेड नर 33 पाउंडांपर्यंत जातो. कुंपणावर शेजारी शेजारी उभे असताना फरक लगेच डोळ्यात भरतो.

पांढरी टोकं पाळीव कशी झाली, याचा इतिहास थोडा मजेशीर आहे. टर्की माणसाळवली ती दक्षिण मेक्सिकोतल्या लोकांनी, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, आणि तिथल्या रानटी उपजातीची टोकं पांढरी असतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली. इंग्रज वसाहतवाल्यांनी तीच पाळीव पाखरं परत अमेरिकेत आणली, आणि पूर्व किनाऱ्यावर ती इथल्या रानटी नरांत मिसळली. ब्राँझ आणि नॅरागॅन्सेट या जाती त्यातूनच निघाल्या. दुसरी एक फांदी पोर्तुगिजांबरोबर गोव्याला उतरली. मुकर्रब खानाने 1612 साली गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे अजब प्राणी आणले त्यात टर्कीचा नर होता. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, आणि चोचीवरची सोंड त्याने अशी रंगवलीय की हात लावावासा वाटतो. तात्पर्य, तुमच्या अंगणात जे चाललंय ते या खंडात चारशे वर्षं चालू आहे. फक्त तेव्हा कुणाला जात राखायची नव्हती आणि जंगलात रानटी पाखरांचा तुटवडा नव्हता.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं घेऊ. 'काटक' या शब्दाने भुलू नका. निम्म्या रानटी पिल्लात रानाचा काटकपणा निम्माच येतो, पण घाबरटपणा मात्र पुरेपूर येतो. घरच्या टर्कीचं पिल्लू माणूस जवळ आला की चोच वर करून बघत राहतं. संकरित पिल्लू कोपऱ्यात धाव घेतं, बाकीची त्याच्या मागे जातात, एकावर एक रचली जातात आणि खालची गुदमरतात. दोन आठवड्यांची झाली की ती उडायला लागतात, आणि उघड्या ब्रूडरमधून बाहेर पडून थंडीने मरतात. चार-पाच महिन्यांची झाली की कुणी अनोळखी आला तरी ताडकन वर उसळून जाळीवर डोकं आपटतात, कातडी सोलून घेतात. संध्याकाळी खुराड्यात यायचं सोडून झाडावर चढतात, आणि तुमची शहाणी लाल पाखरंही त्यांच्या नादाने वर जातात. ऑक्टोबरात रानातला थवा हद्दीवरून गेला की यातली काही सरळ त्याच्याबरोबर निघून जातात. एवढं सोसून मांस तरी जास्त मिळावं, तर तेही नाही. संकर बोर्बन रेडपेक्षा हलकाच भरतो.

आणि जंगलात सोडण्याचं तर नावच काढू नका. हा प्रयोग अमेरिकेने सरकारी खर्चाने, मोठ्या प्रमाणावर करून झालाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकार आणि जंगलतोड यांनी रानटी टर्की बहुतेक राज्यांतून संपत आली, तेव्हा पिंजऱ्यात वाढवलेली पाखरं हजारोंनी सोडली गेली. तुमच्याच राज्याच्या गेम कमिशनने, म्हणजे शिकार आणि वन्यजीव खात्याने, टर्कीचा फार्म कित्येक दशकं चालवला. इतकंच काय, डोंगरात वरून उघडी कुंपणं घालून आत पंख कापलेल्या माद्या ठेवल्या, म्हणजे रानातले नर आपणहून उडून आत उतरतील. तुमच्या परसात आज फुकट होतंय तेच त्यांनी पगारी माणसं लावून केलं! सोडलेली पाखरं जगली नाहीत, फार्म शेवटी बंद झाला. मिसुरीत वन्यजीव-अभ्यासक ए. स्टार्कर लिओपोल्ड यांनी 1944 मध्ये याची कारणं मांडली. शरीराच्या मानाने रानटी टर्कीचा मेंदू, पिट्युटरी आणि अॅड्रिनल ग्रंथी मोठ्या निघाल्या. वागण्यातही फरक होता: आईने इशाऱ्याचा आवाज काढताच रानटी पिल्लं जागच्या जागी निपचित दबून बसतात, पाळीव रक्ताची पिल्लं इशाऱ्याला तितकी दाद देत नाहीत. वर घिरट्या घालणाऱ्या ससाण्याला हीच पिल्लं आधी दिसतात.

रान पुन्हा भरलं ते 1950 च्या दशकापासून, आणि वेगळ्या रीतीने. मक्याच्या दाण्यांवर जमलेल्या खऱ्या रानटी थव्यांवर छोट्या तोफांनी जाळी फेकायची, ती पाखरं खोक्यांत घालून रिकाम्या जंगलात नेऊन सोडायची. आज जी टर्की तुमच्या कुंपणावर बसते ती त्या कामाची नातवंडं आहेत. त्यांच्यात पिंजऱ्यातलं रक्त आणि पिंजऱ्यातले रोग घालणं म्हणजे तयार पिकात तण पेरणं. शिवाय अनेक राज्यांत पाळीव किंवा संकरित टर्की सोडणं सरळ सरळ बेकायदा आहे. टर्की स्थलांतरित पक्ष्यांच्या संघीय कायद्यात येत नाही, तिचे नियम राज्य करतं. म्हणून पट्टेवाली पिल्लं कड्या घालून बाजूला काढलीत की पहिला फोन पेन्सिल्व्हेनिया गेम कमिशनच्या विभागीय कार्यालयाला करा. विचारायचं एवढंच: रानटी बापाची पिल्लं ठेवायला पैदास-परवाना लागतो का, आणि ती विकता येतात का? उत्तर ईमेलने मागा, तोंडी नको. रानटी मादीच्या घरट्यातली अंडी उचलणं मात्र कुठेच चालत नाही, ते कुणी सुचवलं तर ऐकू नका.

परवानगी मिळाली तर पट्टेवाल्या पिल्लांचं ठिकाण एकच, तुमचं ताट. वेगळ्या कप्प्यात वाढवा, 26 ते 28 आठवड्यांना कापा. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे टर्की खायचा थँक्सगिव्हिंगचा सण, तसा जवळच येतो. एकही पिल्लू पुढच्या पैदाशीला ठेवू नका आणि 'बोर्बन रेड' म्हणून देऊ नका. अशा पिल्लापासून पुढच्या पिढीत काही पूर्ण तांबडी पाखरं निघतात. ती दिसायला निर्दोष असतात आणि एक चतुर्थांश रानटी असतात. गिऱ्हाइकाला ते दोन वर्षांनी कळतं. तांबडी पिल्लं मात्र बेलाशक विका, पण गिऱ्हाइकाला रानातल्या नराची गोष्ट सांगून.

ब्रूडरबद्दल तीन गोष्टी, कारण कोंबड्या पाळणाऱ्यांच्या हातून इथेच चुका होतात. खाद्य टर्की-स्टार्टर हवं, 28 टक्के प्रथिनांचं, पहिले आठ आठवडे. कोंबडीच्या पिल्लांचं 18-20 टक्क्यांचं खाद्य दिलंत तर पाय वाकतात, वाढ खुंटते. त्याहून धोक्याचं म्हणजे कोंबडीच्या काही औषधी खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन असतं. कोंबडीला ते चालतं, टर्कीला विष ठरतं. पोत्यावरची चिठ्ठी वाचूनच पोतं उचला. दुसरं, ऊब पहिल्या आठवड्यात 95 अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाच अंश कमी, आणि ब्रूडरचे कोपरे पुठ्ठ्याने गोल करा म्हणजे पिल्लं रचली जाणार नाहीत. वर जाळी हवीच. तिसरं, टर्कीचं पिल्लू खाद्यासमोर उपाशी मरू शकतं. प्रत्येकाची चोच आधी पाण्यात, मग खाद्यात टेकवा. खाद्यात दोन-चार चकचकीत रंगीत गोट्या ठेवल्या तर ती टोचायला येतात. गोट्या गिळता येणार नाहीत एवढ्या मोठ्या घ्या.

आता झुडपातली बाई. तिची अंडी 26 मेच्या सुमाराला फुटतील, पण तोवर ती जिवंत राहील का, हा प्रश्न आहे. खुडूक बसलेली टर्की जागची हलत नाही, आणि कोल्हा, रॅकून, मोठं घुबड यांना ते पक्कं ठाऊक असतं. तिला आत आणायचं असेल तर पूर्ण अंधार पडल्यावर आणा. खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोन फूट लांब-रुंद खोका, तळाला चार इंच गवत, त्यात आधी सात-आठ लाकडी किंवा प्लास्टिकची अंडी. मादीला दोन्ही पंख अंगाशी दाबून उचला, खोक्यात ठेवा, समोर गोणपाट सोडा. खरी अंडी त्या रात्रीपुरती इनक्युबेटरमध्ये, पण 15 मेच्या आत हे उरकलं पाहिजे, कारण शेवटच्या तीन दिवसांत तिथे दमटपणा वाढवलेला असतो आणि झाकण उघडायचं नसतं. दुसऱ्या रात्री ती शांत बसली असेल तर खरी अंडी पोटाखाली सरकवा. उठून येरझाऱ्या घालत असेल तर हट्ट करू नका, अंडी इनक्युबेटरमध्येच पूर्ण करा: पंखा असलेल्या यंत्रात 99.5 अंश, 25 व्या दिवसापर्यंत रोज फिरवणं, मग फिरवणं बंद. हलवण्याआधी प्रत्येक अंडं दिव्यावर धरून बघा. दहा दिवसांच्या पुढच्या अंड्यात लाल शिरांचं जाळं आणि काळा ठिपका हवा. आरपार पिवळं दिसतं ते काढून टाका, उन्हाळ्यात त्याचा बॉम्ब होतो. जंगलाच्या कडेला एकटी हिंडणारी ही मादी कुणाला भेटली असेल, ते उघड आहे. अकरांतली बरीच पट्टेवाली निघतील, अशी मनाची तयारी ठेवा.

नवऱ्याच्या बंदुकीबद्दल. वसंतातल्या हंगामात परवाना असेल तर दाढीवाला, म्हणजे छातीवर केसांसारखा झुबका असलेला, नर मारता येतो, हे खरं. पण तुमच्या अंगणात मका सांडलेला असतो, आणि खाद्यावर आलेली टर्की मारणं पेन्सिल्व्हेनियात आमिषाची शिकार ठरतं. शेजाऱ्यांच्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत त्यांच्या परवानगीशिवाय बंदूक चालवता येत नाही, तेही आहेच. आणि एवढं करून मिळणार काय? तो गेला की आठवड्यात दुसरा येईल. थोराड नर हाकलून देतात ती एक-दोन वर्षांची पोरं माद्यांच्या शोधात असतात, आणि तुमच्या माद्या हाका मारतात, माणूस जवळ गेला तरी जमिनीवर बसकण घेतात. रानातली मादी असं करत नाही. दोष नराचा नाही, दार उघडं आहे.

दार बंद करायचं म्हणजे वरून बंद करायचं. सहा फुटी कुंपणही रानटी टर्कीला अडवत नाही, ती झाडावर झोपणारी पाखरं आहेत. तुमच्या माद्यांच्या एका पंखाची मोठी दहा पिसं कापलीत तर त्या बाहेर जाणार नाहीत, पण तो आत येईलच. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत झाकलेला वाडा. सहा पाखरांना किमान दीडशे चौरस फूट, दुप्पट असेल तर भांडणं कमी. बाजूंना दोन-बाय-चार इंची वेल्ड केलेली जाळी, तळच्या दोन फुटांवर अर्ध्या इंचाची बारीक जाळी, कारण रॅकून हात आत घालून ओढतो. जाळीचा दीड फूट पदर बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून दगड ठेवा, कोल्हा तिथेच उकरतो आणि थकतो. वर दोन इंची गाठींचं पक्ष्यांचं जाळं, माणूस उभा राहील एवढ्या उंचीवर. मधोमध खांब, त्याच्या डोक्यावर उपडी बादली, नाहीतर टोकाने जाळं फाटतं. यॉर्कला एप्रिलमध्येसुद्धा कधी बर्फ पडतो. ओला बर्फ त्या जाळ्यावर साचला तर खांबासकट सगळं खाली येतं, तेव्हा झाडूने खालून झटका.

वाडा झाला तरी दोन नर जाळीतून लढत राहतील. डोक्याच्या उंचीपर्यंत, म्हणजे तीन फूट, बाहेरून ताडपत्री लावा. दिसलं नाही की अर्धं भांडण मिटतं. तुमच्या नराच्या डोक्यावर जखमा असतील तर तो आठवडाभर एकटा ठेवा, रक्त दिसलं की माद्याही टोचतात. रोज संध्याकाळी खाद्य उचला. आणि रानातला नर आला की हसत फोटो काढू नका, पाण्याचा पाइप मारा, छत्री फटकन उघडा, अंगावर चालून जा. माणूस मागे सरतो हे त्याला एकदा कळलं की तो तुमच्यावरही छाती काढतो. जूनमध्ये त्याचा जोर आपोआप ओसरेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलंच नाही. वाडा बांधायचा म्हटलं की सोपा मार्ग दिसतो, कोंबड्यांचं जुनं अंगण आहे त्यावरच जाळं टाकू. तेवढं करू नका. रानातल्या नरापेक्षा तुमच्या टर्कींना तुमच्या आठ कोंबड्यांची भीती जास्त आहे. ब्लॅकहेड नावाचा रोग कोंबड्यांच्या आंधळ्या आतड्यातल्या बारीक जंतांबरोबर फिरतो. कोंबडीला बहुधा काही होत नाही. जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात, तिथे वर्षानुवर्षं टिकतात, गांडुळात शिरतात, आणि टर्कीने ते गांडूळ खाल्लं की रोग तिच्या यकृताला पोचतो. पंख गळालेले, मान आत ओढलेली आणि गंधकासारखी पिवळी विष्ठा ही खूण. अमेरिकेत या रोगावरचं शेवटचं मान्य औषध, नायटारसोन, 2015 अखेर बाजारातून गेलं, म्हणजे आता इलाज नाही, फक्त बचाव. हे भारतात टर्की पाळणाऱ्यांनाही तितकंच लागू आहे. तिथे रानटी टर्की नाही म्हणून संकराची चिंता नाही, पण कोंबड्यांबरोबर एकाच आवारात ठेवण्याची सवय सगळीकडे आहे.

म्हणून वाडा कोंबड्या कधी न फिरलेल्या जागेवर, उताराच्या वरच्या बाजूला. दोन्हीकडे वेगवेगळे बूट आणि वेगळं फावडं. सकाळी आधी टर्की, मग कोंबड्या, उलट नाही. जंतांसाठी खाद्यातून सहा दिवस द्यायचं फेनबेंडाझोल टर्कीला मान्य आहे. ते पशुवैद्याला विचारून घ्या, आणि एकदा देऊन मोकळं होऊ नका, विष्ठेची तपासणी करून पुढचा डोस ठरवा. रानातला नर आत येऊन गेलाय, तर मायकोप्लाझ्मा या श्वसनरोगाच्या जंतूसाठी सहाही पाखरांचं रक्त तपासून घ्या. डोळ्यांखालची सूज आणि फेसाळ डोळे दिसले तर तपासणीची वाट न बघता ते पाखरू वेगळं करा. आणि एखाद्या सकाळी दोन-तीन पाखरं काही लक्षण न दाखवता एकदम मेलेली आढळली, तर पुरू नका, हात लावू नका, राज्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयाला कळवा. 2022 पासून इथे बर्ड फ्लूची साथ फिरते आहे आणि टर्की त्याला सगळ्यात आधी बळी पडते.

18 तारखेला पिल्लं वाळल्यावर मोजून कळवा: तांबडी किती, पट्टेवाली किती. आणि जमलं तर त्या नराचं गळालेलं शेपटीचं एक पीस कुंपणापाशी शोधून टोकाचा फोटो पाठवा. टोक पांढरं निघालं, तर तांबड्या पिल्लांच्या विक्रीबद्दल वर लिहिलेलं सगळं थांबवा.